विद्यार्थ्याची खुर्ची : कोर्दोबा विद्यापीठाची कथा

अर्जेंटिना देशाच्या मध्यभागी कोर्दोबा नावाचे जुने शहर आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे चरित्र ज्यांनी वाचले असेल त्यांना हे नाव अपरिचित नाही. येशूसंघात प्रवेश केल्यावर त्यांच्या नोव्हिशिएटचा काळ याच शहरात गेला आणि पुढे १९९० ते १९९२ या कालखंडात, अधिकारपदावरून दूर झाल्यानंतरची दोन एकांताची वर्षे त्यांनी येथेच काढली. ते राहत असलेल्या मठाला लागून येशूसंघाचे सतराव्या शतकातील चर्च आहे आणि त्याच चौकात कोर्दोबा विद्यापीठाची जुनी वास्तू आहे. २००० साली युनेस्कोने या साऱ्या परिसराला जागतिक वारशाचा मान दिला.

याच वास्तूतील पदवीदान सभागृहात १५ जून १९१८ रोजी विद्यार्थी घुसले. त्यांनी खिडक्यांची तावदाने फोडली, खुर्च्या-मेजांची मोडतोड केली, भिंतीवरच्या तसबिरी खाली ओढल्या आणि बेमुदत संप पुकारला. त्यांचा राग एका अत्यंत साध्या गोष्टीवर होता. विद्यापीठाचा कारभार कोणी पाहावा हे ठरवण्यात त्यांना काडीचाही वाटा नव्हता.

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकत असताना कोर्दोबाचा उल्लेख एका ओळीत आला होता : दक्षिण अमेरिकेत येशूसंघीयांनी स्थापन केलेले विद्यापीठ. आम्ही ती ओळ पाठ केली व परीक्षेत लिहिली. तीनशे वर्षांनंतर त्या विद्यापीठात काय घडले हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. विचारण्याची वेळ आली ती गेल्या पावसाळ्यात. धर्मग्रामातील युवकांच्या बैठकीत बी. एस्‌सी.च्या वर्गात शिकणाऱ्या एका मुलीने मला सरळ प्रश्न केला, “फादर, विद्यापीठाच्या मंडळावर विद्यार्थ्यांचा माणूस असला काय आणि नसला काय, फरक काय पडतो?” मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. ते तिला पटले नाही. खरे सांगायचे तर मलाही पटले नव्हते. तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी कोर्दोबाला पोहोचलो.

विसरलेला वारसा

विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांचा सहभाग ही आधुनिक बंडखोरीतून निघालेली कल्पना आहे असे आपण सहज समजतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. युरोपातील सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक असलेल्या इटलीतील बोलोन्या येथे बाराव्या-तेराव्या शतकांत विद्यापीठ म्हणजेच विद्यार्थ्यांचा संघ होता. ‘युनिव्हर्सिटास’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘संघ’ असा आहे. दूरदूरच्या प्रांतांतून कायदा शिकण्यासाठी आलेल्या तरुणांना त्या शहरात परके म्हणून कोणतेही नागरी हक्क नसत. घरमालकांपासून व नगरपालिकेपासून आपले रक्षण व्हावे म्हणून त्यांनी आपले संघ बांधले आणि आपल्यातूनच रेक्टर निवडण्यास प्रारंभ केला. हा रेक्टर क्लेरिक असावा, अविवाहित असावा आणि त्याने पाच वर्षे कायद्याचे अध्ययन केलेले असावे असा दंडक होता.

या विद्यार्थीसंघाचे नियम आज वाचले तर कोणाही प्राध्यापकाच्या अंगावर काटा उभा राहील. अध्यापकाने रेक्टरच्या आज्ञेत राहण्याची शपथ घ्यावी लागे. एक दिवसही रजा हवी असेल तर ती विद्यार्थ्यांकडे मागावी लागे. गावाबाहेर जायचे तर परत येण्याची हमी म्हणून अनामत रक्कम ठेवावी लागे. तासाला पाचांहून कमी विद्यार्थी आले तर अध्यापक गैरहजर होता असे धरून त्याला दंड होई.

मात्र एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या हाती कधीच नव्हती, ती म्हणजे पदवी. परीक्षा अध्यापक घेत, आणि पोप तिसरे होनोरियस यांच्या १२१९ च्या आदेशानुसार बोलोन्याच्या आर्चडीकनच्या संमतीवाचून कोणालाही अध्यापनाचा परवाना मिळत नसे. कारभारात विद्यार्थ्यांचा शब्द चाले, ज्ञानाची पारख मात्र गुरूकडेच राही. हा समतोल पुढे बिघडला तो पैशामुळे. सुरुवातीला अध्यापकांचे पोट विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चाले. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून नगरपालिका अध्यापकांना वेतन देऊ लागली आणि हळूहळू सत्ता विद्यार्थ्यांकडून नगराकडे सरकली. ज्याच्या हाती तिजोरी, त्याच्या हाती विद्यापीठ.

स्पेनमधील सालामांका विद्यापीठातही रेक्टर विद्यार्थ्यांतून निवडला जाई आणि अध्यापकाची जागा रिकामी झाली की तिच्यासाठी विद्यार्थी मतदान करीत. ही पद्धत निर्दोष होती असे मुळीच नाही. मते विकत घेणे, जेवणावळी घालणे, रस्त्यावर हाणामाऱ्या करणे असे प्रकार इतके बोकाळले की सतराव्या शतकात राजसत्तेने विद्यार्थ्यांचा हा मताधिकार काढून घेतला. म्हणजे ज्या काळात स्पेनचे धर्मगुरू दक्षिण अमेरिकेत विद्यापीठ उभारीत होते, त्याच काळात मायदेशी विद्यार्थ्याचा आवाज बंद केला जात होता. वारसा समुद्रापार गेला, पण त्यातला हा भाग मागेच राहिला.

तीनशे वर्षांचे विद्यापीठ

येशूसंघीय धर्मगुरू १५९९ साली कोर्दोबात आले आणि १६१० साली त्यांनी तेथे आपले महाविद्यालय सुरू केले. १६१३ मध्ये तेथील फ्रान्सिस्कन बिशप फेर्नांदो दे त्रेखो इ सानाब्रिया यांनी आपली मालमत्ता त्या महाविद्यालयाला देण्याचे करारपत्र केले. पुढच्याच वर्षी ते देवाघरी गेले. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२१ साली पदव्या देण्याचा अधिकार दिला आणि तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचे एक मोठे केंद्र त्या दूरस्थ गावात उभे राहिले. १७६७ साली स्पेनचा राजा तिसरा चार्ल्स याने येशूसंघाला आपल्या साम्राज्यातून हद्दपार केले, तेव्हा विद्यापीठ फ्रान्सिस्कनांच्या हाती गेले. अर्जेंटिना स्वतंत्र झाल्यानंतर, १८५६ साली ते राष्ट्रीय सरकारच्या मालकीचे झाले. कागदोपत्री ते आता सार्वजनिक विद्यापीठ होते.

प्रत्यक्षात काय होते? प्रत्येक विद्याशाखेचा कारभार ‘अकादेमी’ नावाच्या मंडळाकडे असे. मंडळाचे सभासद तहहयात असत. एखादा सभासद निवर्तला की उरलेले सभासदच त्याच्या जागी दुसरा निवडत. सभासदाने स्वतः शिकवलेच पाहिजे असेही बंधन नव्हते. अध्यापकांच्या नेमणुका याच मंडळींच्या हाती असल्याने, अध्यासने वडिलांकडून मुलाकडे किंवा सासऱ्याकडून जावयाकडे गेली तर कोणाला नवल वाटत नसे. शहरातील प्रतिष्ठित कॅथलिक पुरुषांचे ‘कोर्दा फ्रात्रेस’ नावाचे एक छोटेसे मित्रमंडळ होते. विद्यापीठ, न्यायालय, विधिमंडळ या साऱ्या ठिकाणी त्याचे सभासद होते.

येथे मला थोडे थांबणे भाग आहे. ही माणसे दुष्ट होती असे मानण्याचे कारण नाही. त्यांतील पुष्कळजण भाविक होते, विद्वान होते. आपण पूर्वजांच्या श्रद्धेच्या ठेव्याचे राखणदार आहोत असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. पण राखणदाराला आपण मालक आहोत असे केव्हा वाटू लागते, हे त्याचे त्यालाच कळत नाही. श्रद्धेच्या रक्षणासाठी घातलेल्या कुंपणाच्या आत नातेवाइकांच्या नोकऱ्याही सुरक्षित झाल्या आणि मग कुंपणावर बोट ठेवणारा प्रत्येक माणूस धर्माचा शत्रू ठरू लागला.

वसतिगृहाचे दार

इतिहासातील मोठ्या घटनांचे निमित्त बहुधा लहान असते. १९१७ च्या अखेरीस विद्यापीठाच्या रुग्णालयातील वसतिगृह बंद करण्यात आले. वैद्यकीय विद्यार्थी तेथे राहून रुग्णसेवेचा अनुभव घेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचीही हजेरीच्या नव्या नियमाबद्दल तक्रार होती. त्यांनी अर्ज केले, विनंत्या केल्या. उत्तर मिळाले नाही. मार्च १९१८ मध्ये वैद्यक, कायदा व अभियांत्रिकी या तिन्ही शाखांचे विद्यार्थी एकत्र आले आणि नवे सत्र सुरू होण्याच्या सुमारास त्यांनी संप पुकारला. मंडळाने विद्यापीठच बंद केले.

त्या काळाची पार्श्वभूमीही लक्षात घ्यायला हवी. १९१२ च्या कायद्याने अर्जेंटिनातील अठरा वर्षांवरील पुरुष नागरिकांना गुप्त मतदानाचा अधिकार मिळाला होता आणि त्याच कायद्याखाली १९१६ साली इपोलितो इरिगोयेन राष्ट्राध्यक्ष झाले होते. म्हणजे वीस वर्षांचा विद्यार्थी देशाचा प्रमुख निवडण्यास लायक होता, परंतु आपल्या वसतिगृहाचे दार का बंद झाले हे विचारण्यास लायक नव्हता! ही विसंगती फार काळ टिकणारी नव्हती.

इरिगोयेन यांनी एप्रिलमध्ये होसे निकोलास मातिएन्सो या कायदेपंडिताला प्रशासक म्हणून कोर्दोबाला पाठवले. त्यांनी चौकशी केली, तहहयात मंडळांची मक्तेदारी मोडली आणि नवे परिनियम केले. आता मंडळांची निवड सर्व अध्यापकांनी करायची होती. विद्यार्थी आनंदले. अध्यापकांपैकी सुधारणावादी निवडून येतील आणि बाकीचे आपोआप होईल अशी त्यांची समजूत होती. नव्या परिनियमांत विद्यार्थ्याला मत नाही याची टोचणी त्या वेळी फारशी कोणाला लागली नाही.

१५ जून

कुलगुरूंच्या निवडीचा दिवस उजाडला. विद्यार्थ्यांचा पाठिंबा होता एन्रिके मार्तिनेस पास यांना. जुन्या मंडळींचे उमेदवार होते कोर्दा फ्रात्रेसचे अंतोनियो नोरेस. तिसरे उमेदवार आलेहांद्रो सेन्तेनो. पहिल्या फेऱ्यांत कोणालाच बहुमत मिळाले नाही. अखेरच्या फेरीत तिसऱ्या उमेदवाराची मते नोरेस यांच्याकडे वळली आणि ते विजयी झाले. बाहेर तिष्ठत असलेल्या विद्यार्थ्यांना त्या क्षणी उमगले की, आपल्यासाठी दुसऱ्याने मत द्यायचे आणि आपण दाराबाहेर उभे राहायचे, ही व्यवस्था दयाळू असो वा कठोर, अखेर ती दुसऱ्याचीच व्यवस्था असते. त्यानंतर सभागृहात जे घडले ते आरंभी सांगितले आहे.

२१ जून रोजी विद्यार्थ्यांचा सुप्रसिद्ध जाहीरनामा निघाला. त्याच्यावर विद्यार्थी महासंघाच्या पुढाऱ्यांच्या सह्या होत्या. लिहिणारा हात देओदोरो रोका या सत्तावीस वर्षांच्या पदवीधर वकिलाचा होता. त्यात धर्मगुरूंविरुद्ध कठोर शब्द आहेत, काही ठिकाणी अन्यायकारकही आहेत. माझ्यासारख्या वाचकाला ते सुखाने वाचवत नाहीत. परंतु त्यातील मध्यवर्ती विचार असा आहे की, शिक्षणाच्या घरातील अधिकार हुकमाने टिकत नाही, तो शिकवण्यातून आणि प्रेमातून उगवतो. जेथे गुरुशिष्यांमध्ये आत्मिक बंध नाही, तेथील सारे अध्यापन वांझ असते. हे वाक्य एखाद्या संताने आपल्या शाळेच्या दारावर लावले असते तर आपण त्याला माना डोलावल्या असत्या. ते आपल्या विरोधकांच्या लेखणीतून उतरले म्हणून कोर्दोबाच्या कॅथलिक समाजाला ऐकू आले नाही.

तेथील बिशप झेनोन बुस्तोस इ फेरेइरा हे फ्रान्सिस्कन होते. या विद्यापीठाचा इतिहास त्यांनी स्वतः परिश्रमपूर्वक लिहिला होता. त्यांनी आपल्या पत्राद्वारे चळवळीचा निषेध केला. कॅथलिक विद्यार्थ्यांपैकी काहींनी विद्यापीठाच्या बचावासाठी समिती स्थापून नोरेस यांची बाजू घेतली. दोन्हीकडचे तरुण रस्त्यावर आले. ऑगस्टमध्ये एका रात्री सुधारणावाद्यांनी कायद्याच्या एका दिवंगत प्राध्यापकाचा पुतळा पाडला. ऑक्टोबरच्या अखेरीस विद्यार्थी नेते एन्रिके बार्रोस यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला. दोन्ही कृत्ये लांच्छनास्पद होती.

हाती आलेली खुर्ची

नोरेस यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. तरीही सरकारचा दुसरा प्रशासक येण्यास विलंब होऊ लागला, तेव्हा ९ सप्टेंबर रोजी विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचा ताबा घेतला. मला या प्रसंगाचे विशेष वाटते. ताबा घेऊन त्यांनी सुट्टी जाहीर केली नाही. बार्रोस, ओरासियो वाल्देस व इस्माएल बोर्दाबेरे या तीन विद्यार्थ्यांना तीन विद्याशाखांचे अधिष्ठाते नेमले आणि परीक्षा घेण्यास सुरुवात केली! अर्थात हा कारभार औट घटकेचा ठरला. लष्कराने इमारतीला वेढा घातला व ऐंशीहून अधिक विद्यार्थ्यांना अटक केली. पण त्यानंतर लवकरच मंत्री होसे सालिनास स्वतः कोर्दोबाला आले आणि ऑक्टोबरमध्ये नवे परिनियम लागू झाले. मंडळाचे सभासद निवडण्यात विद्यार्थ्यांना रीतसर भाग मिळाला. अध्यापकांच्या जागा खुल्या स्पर्धेने भरण्याचे तत्त्वही मान्य झाले.

जुलैमध्ये कोर्दोबात भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय विद्यार्थी परिषदेने विद्यापीठाच्या मंडळांची निवड अध्यापक, पदवीधर व विद्यार्थी या तिघांनी समसमान वाट्याने करावी अशी मागणी केली होती. ती जशीच्या तशी सर्वत्र मान्य झाली नाही. परंतु तिचा ध्वनी पेरू, चिली, क्यूबा, मेक्सिको अशा देशांत घुमला आणि दक्षिण अमेरिकेतील कोणत्याही सार्वजनिक विद्यापीठाला विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न टाळता येईना.

खुर्ची मिळाली तरी ती टिकवणे सोपे नव्हते. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या कारकिर्दीत नवा कायदा झाला. त्यानुसार मंडळावर एक विद्यार्थी असे खरा. पण तो सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांतून चिठ्ठी टाकून ठरे. त्याला बोलता येई, मत देता येत नसे. त्याच राजवटीने १९४९ साली सरकारी विद्यापीठांतील शिक्षण विनामूल्य केले हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. म्हणजे सरकारने गरिबाच्या मुलासाठी विद्यापीठाचे दार उघडले, पण आत आल्यावर त्याने गप्प बसावे अशीही अपेक्षा ठेवली.

महाराष्ट्रातील वाचकांना ही पद्धत अगदीच अनोळखी वाटणार नाही. महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचारानंतर आपल्याकडे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी निवडण्याऐवजी गुणवत्तेनुसार नेमण्याची रीत आणली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. गुणवान विद्यार्थी वाईट प्रतिनिधी असतो असे कोणी म्हणणार नाही. पण पहिला क्रमांक मिळवणे आणि इतरांच्या वतीने बोलण्याची जबाबदारी त्यांच्याकडून स्वीकारणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला कोणापुढे हिशेब द्यावा लागत नाही.

अर्जेंटिनात १९५५ नंतर विद्यापीठांना पुन्हा स्वायत्तता मिळाली. ब्वेनोस आइरेस विद्यापीठाच्या १९५८ च्या परिनियमांनुसार विद्याशाखेच्या मंडळावर आठ प्राध्यापक, चार पदवीधर आणि चार विद्यार्थी बसू लागले. अर्थसंकल्प, अभ्यासक्रम, प्राध्यापकांच्या जागांसाठीच्या स्पर्धा, सारे काही या सोळाजणांसमोर येई. चारजणांच्या बळावर विद्यार्थ्यांना काहीही लादता येत नसे. पण त्यांच्यादेखत बंद दाराआडचा सौदाही करता येत नसे.

चर्चमधला उपवास

२८ जून १९६६ रोजी जनरल ओंगानिया यांनी सत्ता बळकावली आणि महिन्याभरात विद्यापीठांची स्वायत्तता व विद्यार्थ्यांचा सहभाग दोन्ही रद्द केले. २९ जुलैच्या रात्री पोलिसांनी ब्वेनोस आइरेस विद्यापीठाच्या इमारतींत शिरून अध्यापक व विद्यार्थी यांना लाठ्यांनी झोडपून बाहेर काढले. त्या रात्रीला तेथे ‘लांब लाठ्यांची रात्र’ म्हणतात. शेकडो अध्यापकांनी राजीनामे दिले. त्यांतील अनेक नामवंत शास्त्रज्ञ देश सोडून गेले.

आणि कोर्दोबात? तेथे ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या स्वायत्ततेसाठी उपोषण आरंभले. त्यांनी जागा निवडली ती ‘क्रिस्तो ओब्रेरो’, म्हणजे ‘कामकरी ख्रिस्त’, या धर्मग्रामाचे चर्च. उपवासाला बसलेले तरुण कॅथलिक परंपरेतून आलेल्या विद्यार्थी संघटनेचे होते आणि तेथील धर्मगुरूंनी त्यांना आसरा दिला होता. ज्या शहरात १९१८ साली विद्यार्थी आणि ख्रिस्तसभा एकमेकांसमोर शत्रूसारखे उभे ठाकले होते, त्याच शहरात ४८ वर्षांनी विद्यार्थ्यांनी आपल्या खुर्चीसाठी वेदीजवळ बसून अन्नत्याग केला. दुसरी व्हॅटिकन परिषद संपून अद्याप वर्षही झाले नव्हते. वरिष्ठांना हे रुचले नाही आणि त्या धर्मगुरूंची वाट खडतर झाली. सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीने सांतियागो पाम्पिल्योन हा विद्यार्थी बळी पडला. तो अभियांत्रिकी शिकत होता आणि मोटारीच्या कारखान्यात कामही करीत होता.

१९७६ ते १९८३ या काळातील लष्करी राजवटीत याहूनही काळे दिवस आले आणि हजारो माणसे नाहीशी झाली. त्यांत विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती. १९८३ साली लोकशाही परतली, तेव्हा विद्यापीठांतील प्रतिनिधित्वही परतले. १९९५ च्या उच्च शिक्षण कायद्याने त्याला चौकट दिली : मंडळांत अध्यापकांचा वाटा निम्म्याहून कमी नसावा आणि विद्यार्थी प्रतिनिधीने आपल्या अभ्यासक्रमातील किमान ३० टक्के विषय उत्तीर्ण केलेले असावेत. बोलोन्यातील विद्यार्थ्यांची मनमानी नको आणि जुन्या कोर्दोबातील वडीलधाऱ्यांची मक्तेदारीही नको, असा हा मध्यममार्ग. तोही परिपूर्ण नाही. राजकीय पक्षांनी विद्यार्थी निवडणुकांना आपल्या भरतीचे मैदान केले आहे ही तक्रार तेथेही ऐकू येते आणि ती खोटी नाही.

प्रश्नाचे उत्तर

तर मग फरक काय पडतो? मला सापडलेले उत्तर असे. मंडळावर विद्यार्थी बसल्याने विद्यापीठ आपोआप चांगले होत नाही. सालामांका त्याची साक्ष देते. परंतु विद्यार्थी बाहेर असला की मंडळाला आपली चूक कळण्याचा मार्गच उरत नाही. कोर्दोबाच्या मंडळाला वसतिगृहाची एक अडचण वेळीच कळली असती, तर कदाचित ती एका बैठकीत मिटली असती. ती कळवून घेण्याची सोय नव्हती म्हणून तीनशे वर्षांची प्रतिष्ठा एका दुपारी खिडकीबाहेर फेकली गेली. आणि त्या प्रतिष्ठेबरोबर, ज्यांचा काही दोष नव्हता अशा बिशप त्रेखोंच्या आणि त्या आरंभीच्या येशूसंघीयांच्या पुण्याईवरही शिंतोडे उडाले, याचे मला अधिक दुःख वाटते.

धर्मग्रामाचा प्रमुख या नात्याने मीही अशाच एका खुर्चीवर बसतो. १९८३ च्या धर्मविधानानुसार धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळाचे मत सल्ल्यापुरते असते. अंतिम शब्द माझा. ही सोय आहे आणि हाच धोकाही आहे. कोर्दोबाचे वाचन संपल्यावर मी आमच्या अर्थसमितीच्या बैठकीला दोन महाविद्यालयीन तरुणांना बोलावले. त्यांतील एक ती प्रश्न विचारणारी मुलगी.

पहिल्याच बैठकीत तिने विचारले की धर्मग्रामाची अभ्यासिका रात्री आठला बंद का होते. कॉलेजची मुले लोकलने घरी पोहोचतात तीच मुळी साडेसातला. समितीतील आम्ही सारे ज्येष्ठ एकमेकांकडे पाहू लागलो. आठची वेळ कोणी, केव्हा व का ठरवली हे कोणालाही सांगता येईना. मी वेळ अकरापर्यंत वाढवण्यास तयार झालो, तेव्हा आमच्या खजिनदारांनी विजेच्या बिलाचा कागद काढून तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “बाळा, आता हेही तूच बघ.”

ती दोन आठवड्यांनी हिशेब करून आली. अकरापर्यंत परवडत नाही, दहापर्यंत परवडते, आणि परीक्षेच्या दोन महिन्यांत अकरापर्यंत ठेवायची तर पंखे निम्मे चालवावे लागतील, असे तिने समितीला लेखी कळवले. खाली तिची सही होती. अभ्यासिका आता रात्री दहाला बंद होते.